राईच्या उशीचं काय झालं

मद्रास, नुंगंबाक्कम
मार्गशीर्ष लागला, १९५८

तीर्थरूप वन्संच्या पायांवर दुरूनच डोकं ठेवते.

(दुरून म्हणजे फारच दुरून. दोन रात्री गाडीत बसलं तरी तासगावचा उंबरा दिसायचा नाही, म्हणून नमस्कार जरा वाकूनच करते.) तुमचा गुडघा कसा आहे? थंडीत धरतो ना, तर एरंडाचं पान तव्यावर गरम करून बांधत जा. म्हैस व्यायली का? व्यायली असेल तर आमच्या वाटणीचा खरवस तुम्हीच खा, इथं पाठवायच्या भानगडीत पडू नका. इकडं सगळं खुशाल आहे. तुमचे भाऊ बरे आहेत, मी बरी आहे, विजू बरी आहे. विजू खरंच बरी आहे. सकाळी पोटभर प्याली, आता पालथी पडून चटई चाटते आहे. हे आधी लिहून टाकते, कारण पुढचं वाचून तुम्ही मधेच उठाल आणि पिशवी भरायला घ्याल. तसं करू नका. आधी पुरतं वाचा.

पोरीचं डोकं गोल व्हावं म्हणून तुम्ही बारशाला दिलेल्या राईच्या उशीचं मागच्या पत्रात विचारलं होतं, आणि मी उत्तर दिलं नव्हतं. आता देते. तुमची उशी उगवली. खोटं वाटेल, पण इथला पाऊस आपल्यासारखा नाही. आपला पाऊस उरकून आपण दिवाळीचे फराळ करतो, तेव्हा इथं सुरू होतो. कपडे वाळत नाहीत, मीठ पाझरतं, काडी पेटत नाही. त्यात विजू आता झोपेत गोल फिरते, म्हणजे निजवताना डोकं जिथं ठेवावं तिथं सकाळी दुसरंच काहीतरी असतं. उशी रोज ओली. मी रोज धुवायची आणि स्वयंपाकघरात दोरीवर टाकायची. (राई काढून नुसती खोळ धुवायला हवी होती. मला ते सुचलं नाही, आणि तुम्ही सांगितलं नव्हतं.) एक दिवस उशी हाताला टम्म लागली, आणि दोन दिवसांनी कापडातून हिरवे कोंब बाहेर. आमच्या घरमालकीण कनकाबाई बघायला आल्या. ह्या तंजावरकडच्या. माणसं आपलीच, पण त्यांचे पणजोबा-खापरपणजोबा राजाबरोबर इकडं आले ते इथंच राहिले, त्यामुळे बोलतात मराठीच, पण पोथी वाचल्यासारखं, आणि मधे मधे तमिळ. उशी बघून म्हणाल्या, “अय्ययो, ही तर शेती जाली!” आणि ते कोवळे कोंब खुडून कोशिंबिरीत घालू म्हणत होत्या. पाणी कोणी घातलं ते मी सांगितल्यावर थांबल्या.

आता राजगिऱ्याचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. एकादशीला मला राजगिऱ्याच्या लाह्या लागतात, तुम्हाला माहीत आहे. इथं राजगिरा म्हणजे काय ते कुणाला ठाऊक नाही. दुकानदाराला मी हातानं दाखवलं, की असं बारीक असतं, गोल असतं, आणि तापलं की फट् करून फुटतं. त्यानं मला टिकल्यांची डबी दिली, दिवाळीतली उरलेली. म्हणून मी ह्यांना सांगितलं होतं, की फिरतीवर कुठं दिसला तर आणा. ह्यांचं ऑफिस कसलं ते तुम्ही विचारता आणि मी ‘सरकारी’ म्हणून सांगते. मला तरी तेव्हा इतकंच माहीत होतं, की समुद्रकाठची वाळू गोळा करून आणतात आणि तपासतात. (चोख पगार देऊन वाळू तपासायला माणूस ठेवतात, ह्यावर माझा पहिले सहा महिने विश्वास नव्हता.) तर कार्तिकात हे कन्याकुमारीकडून फिरतीहून आले, ट्रंक खाली ठेवली आणि आंघोळ करून ऑफिसला गेले. मी मळके कपडे काढायला ट्रंक उघडली. तळाशी एक पांढरी पिशवी, तोंड शिवलेलं, वर इंग्रजी कागद. उसवून बघते तर आत राजगिरा. मधासारखा रंग, बारीक, गुळगुळीत, हातातून सरसर निसटणारा. इतका निवडलेला राजगिरा मी तासगावच्या बाजारातसुद्धा बघितला नव्हता. माझे डोळे भरून आले. बायकोनं सांगितलेलं ह्यांच्या लक्षात राहतं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. ते खरं नव्हतं हे नंतर कळलं.

म्हटलं, काही बोलायचं नाही, एकदम लाडू पुढं ठेवायचे. राजगिरा धुतला. आपला जरा तरंगतो, हा दगडासारखा तळाला बसला. म्हटलं, दक्षिणेकडचा वाण असेल. इथली केळीसुद्धा वेगळी असतात. पंख्याखाली वाळवला आणि तवा ठेवला. वन्सं, तुम्हीच शिकवलेलं, तवा चांगला तापू द्यायचा, मूठ टाकायची, फडक्याचा बोळा फिरवायचा. मी फिरवला. फिरवतच राहिले. एक दाणा फुटेल तर शपथ. कोळसे वाढवले, वारा घातला, कनकाबाईंची मोठी कढई आणून बघितली. दुपार गेली, सगळे कोळसे गेले, लाही एक नाही. दाणा दाताखाली धरला तर दातातून झिणझिण्या. तेव्हा कळलं की माल जुना आहे, कुणीतरी ह्यांना फसवलं. ह्यांना सांगावं तर एवढ्या हौसेनं आणलेलं, वाईट वाटेल. म्हणून गप्प बसले. टाकून द्यावा तर अन्न. मग विजूच्या उशीकडे लक्ष गेलं आणि मी मनात म्हटलं, तुळसे, देवानंच वाट दाखवली. भाजलेला दाणा कधी उगवतो का?

तर तुमच्या उशीची राई काढून त्यात तो राजगिरा भरला. सांगायला हरकत नाही, उशी अशी झाली होती की बघत राहावं. जड असल्यानं विजूनं कितीही लाथा झाडल्या तरी जागची हलत नव्हती. गार राहायची. पोर पडल्या पडल्या झोपायची. आठपंधरा दिवसांत डोकं असं गोल झालं की कनकाबाई वाटीनं मापून बघायच्या, आणि त्यांच्या नातवाला तसली उशी हवी म्हणून दाणे कुठं मिळतात ते विचारत होत्या. मी म्हटलं, हे पुढच्या फिरतीला जातील तेव्हा आणायला सांगते.

मग एका सकाळी हे ट्रंकेपाशी बसून सगळं बाहेर काढायला लागले. मुंबईहून मोठे साहेब यायचे होते आणि नमुना हवा होता. मला म्हणाले, इथं पिशवी होती. मी म्हटलं, होती, पण माल जुना निघाला. म्हणाले, कसला माल? मी म्हटलं, राजगिरा. दुपारभर तव्यावर धरला तरी एक लाही आली नाही, तुम्हाला फसवलं कुणी तरी. ह्यांनी ट्रंकेचं झाकण लावलं. (तुमचे भाऊ रागावले की बोलतात. गप्प बसले की ती वेगळी गोष्ट.) मग हळूच विचारलं, आता कुठं आहे? मी पाळण्याकडे बोट केलं.

इथं एक गोष्ट लिहिते ती नीट वाचा. हे विजूला आपणहून कधी उचलत नाहीत. मान सांभाळता येत नाही म्हणतात, मी हातात दिली तर घेतात. ऑफिसचा नमुना हरवला म्हणून इतका वेळ जीव गेल्यासारखे शोधत होते. पण पाळण्यापाशी गेले ते आधी त्यांनी विजूला उचललं. झोपलेली पोर उचलली, माझ्याकडे दिली, आणि मग उशी घेतली, तीसुद्धा अशी लांब धरून. त्यानंतर त्यांनी मला जे जे समजावलं ते सगळं मी ऐकलं, पण मला दिसत होतं ते एवढंच, की आधी पोरीला उचललं.

समजावलं ते असं. मला जितकं कळलं तितकं लिहिते. तो राजगिरा नव्हताच, समुद्रकाठची वाळू होती, आणि ती नुसती वाळू नाही. तिच्यात थोरियम म्हणून एक धातू असतो. पुढं वीज करायला कोळसा पुरायचा नाही, तेव्हा परमाणूच्या भट्टीवर वीज करायची. त्या भट्टीला युरेनियम लागतं, आणि ते आपल्याकडे थोडकं आहे, दुसऱ्यांच्या तोंडाकडे बघावं लागतं. थोरियम मात्र आपल्या समुद्रकाठी ढिगानं पडलंय. मग आपल्या घरात आहे त्यावरच का चूल चालवू नये, असं ह्यांच्या ऑफिसचं म्हणणं. (हे मला पटलं. मी तासगावला असताना कोळसा कधी विकत घेतला होता का? शेण घरचं, गोवऱ्या घरच्या.) पण मेख अशी, की थोरियम एकटं पेटत नाही. त्याला पेटत्या युरेनियमजवळ ठेवायचं, म्हणजे हळूहळू त्याचंच जळण होतं. मी म्हटलं, म्हणजे ओल्या गोवऱ्या चुलीच्या कडेला लावून ठेवतो तसं. हे म्हणाले, हो, तसंच. कनकाबाई तोवर येऊन बसल्या होत्या, त्या म्हणाल्या, नव्हे, दुधास विरजण लावणें तैसें. थोडकें दही घातलें की सगळेंच दही. हे म्हणाले, हो, असंही म्हणता येईल. आणि मग गोवरीही तशी नाही आणि दहीही तसं नाही हे इतका वेळ सांगत बसले की ऑफिसची वेळ टळली. जाताना एवढं म्हणाले, की देशातलं ते जळण कुणी अजून चुलीवर चढवलं नव्हतं, तो मान आपल्या घराला मिळाला. मला वाटलं हसताहेत, म्हणून मी पण हसले. पण ते हसत नव्हते. मी विचारलं, मग पोरीला लांब का केलं? तेव्हा सांगितलं, की त्या वाळूतून सारखे किरण निघत असतात. दिसत नाहीत, लागत नाहीत, वास येत नाही. थोडे असतात, काळजीचं काही नाही.

वन्सं, मला साप दिसला तर मी ओरडते, विंचू दिसला तर चप्पल घेते. जे दिसत नाही, लागत नाही, वास येत नाही, त्याचं काय करायचं मला कुणी शिकवलेलं नाही. मी विजूला मिठानं न्हाऊ घातलं, मिरच्या ओवाळून टाकल्या, डोकं इंच इंच बघितलं. नुसती घामोळी.

दुसऱ्या दिवशी ह्यांचे साहेब चंद्रमौळी स्वतः घरी आले. इथले ब्राह्मण, कपाळाला भस्म, पायात बूट. बरोबर एक डबा, त्याला दांडीसारखं काहीतरी वायरनं जोडलेलं. ती दांडी वस्तूजवळ धरली की किरण असतील तर डबा आवाज करतो. उशीजवळ धरली मात्र, डबा असा बोलायला लागला जशी छपरातली एकूणएक पाल चुकचुकावी. कनकाबाई दोन पावलं मागं झाल्या. कढईजवळ थोडं बोलला. (कढई परत द्यायला निघाले तर कनकाबाई म्हणाल्या, राहूं दे, घाई नाही. अजून माझ्याकडेच आहे.) मग साहेबांनी विजूला माझ्या मांडीवर धरायला सांगितलं आणि दांडी तिच्या डोक्याजवळ नेली. डबा गप्प. माझा श्वास खाली आला, आणि तेवढ्यात डबा टिक् झाला. एकदाच, पण झाला. मी विजूला पदराखाली ओढलं. साहेब हसले आणि तमिळमध्ये काही बोलले. हे म्हणाले, साहेब सांगतायत, एखादी टिक् सगळीकडेच होते, भिंतीतनं, विटेतनं, माणसातनंसुद्धा. मला पटेना. तेव्हा साहेबांनी दांडी स्वतःच्या छातीवर धरली. डबा बोलेना. साहेब उभे, हे उभे, कनकाबाई पदर तोंडाशी धरून उभ्या, मी बसलेली, आणि सगळे साहेबांच्या टिक्ची वाट बघतोय. साहेबांच्या कपाळाला घाम आला. शेवटी झाली एकदाची. सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला, साहेबांनी सगळ्यांत मोठा.

मग साहेबांनी कॉफी घेतली आणि सांगितलं की थोडे दिवस, थोडी वाळू, बाळाला काही झालेलं नाही, बिनघोर राहा. पण बाळाच्या डोक्याखाली ठेवायची ती वस्तू नाही. मी ह्यांना म्हटलं, साहेबांना विचारा, काही होत नसेल तर का ठेवायची नाही? ह्यांनी विचारलं. साहेबांनी कॉफीचा पेला खाली ठेवला. मग म्हणाले, आम्ही ऑफिसातसुद्धा उशाला घेत नाही. मला ते उत्तर वाटलं नाही, पण मोठा माणूस, मी दुसरी कॉफी दिली. नमुना परत गेला. धुतलेला आणि भाजलेला असल्यामुळे तो मुंबईच्या साहेबांना दाखवता आला नाही, आणि तो तसा का झाला हे ह्यांना इंग्रजीत लिहून द्यावं लागलं. राजगिऱ्याला इंग्रजीत काय म्हणतात ते ऑफिसात कुणाला येईना.

एवढंच झालं. आता दुसरी बातमी. ह्यांची बदली झाली आहे. जानेवारीत आम्हाला कन्याकुमारीकडं जायचंय, जिथून ती वाळू येते तिथंच. त्या गावाचं नाव मला अजून एका दमात म्हणता येत नाही. खोली समुद्राजवळ आहे, हवा चांगली, मासळीचा वास सोडला तर काही त्रास नाही असं हे म्हणतात. मी विचारलं, घराबाहेर काय आहे? म्हणाले, वाळू. तीच? म्हणाले, सगळी तीच नाही, मिसळलेली असते. इथं मी एवढीशी उशी घराबाहेर काढली तर तिथं घरच वाळूत ठेवायचं. विजू तोवर रांगायला लागेल आणि जे सापडेल ते तोंडात घालेल. पण मी काही बोललेले नाही. हे म्हणतात भिण्यासारखं काही नाही, आणि मी भ्यालेले नाही. तुम्हीही काळजी करू नका. गुडघ्याला जपा. शेजारच्या सगळ्यांना विचारलंय म्हणून सांगा, आणि विजूचा पापा तुमच्या गालाला पोचला असं समजा.

तुमची
तुळसी

ता. क. वर लिहिलं की भ्यालेले नाही, ते पत्र लिहिताना हे शेजारी बसले होते म्हणून. आता बाजारात गेलेत. वन्सं, माझं एक काम करा. ह्यांना असं पत्र टाका की तुम्ही आजारी आहात आणि तुळसीला पोरीसकट दोनचार महिने पाठवून दे. तुमचा शब्द ते मोडत नाहीत. फार मोठं दुखणं लिहू नका, नाहीतर हेसुद्धा धावत येतील. फार लहानही नको, औषध पाठवून मोकळे होतील. पाय मुरगळल्याचं लिहा. पाय मुरगळलेल्या माणसाला औषध चालत नाही, माणूसच लागतं. पाकिटावरचा पत्ता एरवी हे घालतात, ह्या वेळी कनकाबाईंच्या मालकांकडून, राममूर्तीरावांकडून घालून घेते.

ता. क. दुसरा. पत्र दोन दिवस तसंच राहिलं, कारण राममूर्तीराव जावयाकडे आवडीला (आवडी म्हणून इथं जवळच एक गाव आहे) गेलेत. मधे ह्यांच्या ऑफिसातला सुब्बा शिपाई आला होता. तो त्याच वाळूच्या गावचा. बायको आणि धाकटी मुलगी इथं आणल्यात म्हणून मुद्दाम बोलावून घेतल्या. वांगं निवडावं तशी मी ती मुलगी उलटसुलट बघितली. बोटं सगळी, कान दोन, केस माझ्यापेक्षा दाट. सुब्बाच्या बायकोला कनकाबाईंकडून विचारलं, तर म्हणाली आमची सगळी वस्तीच त्या वाळूत जन्मली, त्यातच खेळली. तिला असं काही विचारतं कोण हेच कळेना. मला जरा बरं वाटलं. मग मुलगी शिंकली आणि पुन्हा बरं वाटेना.

ता. क. तिसरा. पाय मुरगळू नका. हे वाचता वाचताच ते पत्र लिहायला घेतलं असलंत तर टाकू नका. सांगते काय झालं. गेले दोन शनिवार हे ऑफिसातला तो डबा घरी आणतात. म्हणतात, बॅटरी तपासायची आहे. बॅटरी तपासायला पोरगी कशाला लागते? मी विहिरीवर गेले की विजूला मांडीवर घेऊन बसतात (आता आपणहून घेतात, मानही सांभाळतात), दांडी तिच्यावर धरतात, मग स्वतःवर, मग भिंतीवर, आणि तोंडानं मोजत राहतात. मग पुन्हा पोरीवर. आज मी कळशी न भरताच परत आले आणि दाराआडून बघितलं. भिंतीच्या आणि पोरीच्या टिक् सारख्या आल्या असाव्यात, कारण त्यांनी डबा खाली ठेवला आणि तिच्या डोक्यावर नुसता हात ठेवून बसले. मी कळशी जरा आपटून आत गेले, तर म्हणाले, बॅटरी ठीक आहे. मी म्हटलं, बरं झालं.

तेव्हा मी आता ह्यांना एकट्याला तिकडं धाडणार नाही, सगळेच जाऊ. पण वन्सं, एका पोरीला दोन भ्यालेली माणसं पुरत नाहीत. न भिणारं एक तरी घरात लागतं, आणि आपल्यात तसं कोण आहे ते तुम्हालाही माहीत आहे. तुम्हाला विहिरीतला साप बादलीत घेऊन बांधापलीकडं सोडून आलेलं मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. जानेवारीत या. दोन महिने राहा, वाळू बघा, पोरीला बघा, आणि तुम्हाला काय वाटतं ते सांगा. तुम्ही म्हणालात राहा तर राहीन, म्हणालात चल तर पोरीला घेऊन तुमच्या मागनं निघेन, आणि ह्यांचंही काही चालणार नाही. फक्त मी बोलावलं असं सांगू नका. मी भ्याले हे मला त्यांना सांगता येत नाही, आणि ते भ्यालेत हे त्यांना मला सांगता येत नाही. तुम्ही आलात की आम्ही दोघंही सगळ्यांना सांगू, की वन्संना समुद्र बघायचा होता.